वस्तीत लावायला दोन पानी कागद हवाय: ताणाच्या दिवसांत बिनपैशात मन कसं सांभाळायचं?

कट्टा_श्रमिकनगर

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या सातपूरच्या एका वस्तीतल्या समाजमंदिरात भिंतीवर लावायला दोन पानी कागद तयार करतो आहोत. वाचणारे बहुतेक कंत्राटी कामगार, त्यांच्या घरातल्या बायका आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. ऑर्डर कमी झाली की ‘उद्यापासून येऊ नका’ हे आधी कंत्राटी माणसाला ऐकावं लागतं, हप्ता मात्र तारखेला हजर असतो. मग झोप उडते, घरात खटके उडतात, छातीत धडधड होते आणि माणूस मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी मागून आणतो.

नेहमीचे सल्ले इथे उपयोगी पडत नाहीत. शांत खोलीत बसा म्हणतात. इथे दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात. रात्री दहाला झोपा म्हणतात. इथे दर आठवड्याला पाळी बदलते. ‘सकारात्मक राहा’ हे तर कोणी ऐकूनही घेत नाही.

म्हणून विचारतो: एक रुपया खर्च न करता नेमकं काय करायचं, किती मिनिटं, दिवसातून कधी आणि ते फसतं कुठे? घरच्या उपायांनी भागणार नाही हे कसं ओळखायचं आणि मग नाशिकमध्ये फुकट कुठे जायचं? जाणकारांनी तपशिलाने लिहावं. जसंच्या तसं कागदावर घेणार आहे.

---

समुपदेशन_नाशिकरोड

दादा, पहिली सूचना: कागदावर वीस उपाय लिहिलेत तर एकही होणार नाही. तीन लिहा. श्वास, काळजीची वही आणि झोपेची शिस्त. बाकी सगळं ह्या तिघांच्या मागून.

श्वास. पाठ टेकून बसायचं, एक हात बेंबीवर. नाकाने ४ आकडे मोजेपर्यंत श्वास आत, ६ आकडे मोजेपर्यंत बाहेर. आकडा म्हणजे साधारण एक सेकंद. दहा सेकंदांचा एक श्वास झाला, मिनिटाला सहा. घड्याळ लागत नाही: अंगठ्याने चार बोटांची बारा पेरं मोजली की दोन मिनिटं झाली. अडीच फेऱ्या म्हणजे पाच मिनिटं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून सोडण्याचा वेळ मोठा ठेवायचा. शांत खोली लागत नाही. कंपनीच्या बसमध्ये होतं, पाण्याच्या रांगेत होतं, कुकर लावून गॅसपाशी उभं राहूनही होतं.

फसतं दोन ठिकाणी. ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की लोक छाती फुगवून जोराजोरात हवा ओढतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो. तसं झालं तर श्वास लहान करायचा, हळू तसाच ठेवायचा. पोट बोटभर हललं तरी पुरे. दुसरी चूक जास्त महागात पडते: ताण टोकाला गेल्यावरच पहिल्यांदा करून बघतात, उपयोग होत नाही आणि सोडून देतात. बरं वाटत असताना दोन आठवडे रोज सराव केला असेल तरच अडचणीच्या वेळी शरीराला ती वाट सापडते. कागदावर हे वाक्य ठळक अक्षरात घ्या.

काळजीची वही. काळजी करू नको असं सांगून काळजी थांबत नाही, पण तिला वेळ ठरवून दिली तर ती बऱ्यापैकी थांबते. रोज ठरावीक वेळी (समजा संध्याकाळी सहाला) १५ मिनिटं, झोपण्याच्या निदान दोन तास आधी. पानाच्या मध्ये उभी रेघ. डावीकडे ‘हातात आहे’, उजवीकडे ‘हातात नाही’. मनात येईल ते त्या त्या बाजूला लिहायचं. मग डाव्या बाजूच्या एकाच गोष्टीपुढे पुढचं पाऊल लिहायचं, वार आणि वेळ घालून. ‘बँकेचं काहीतरी बघू’ हे पाऊल नाही. ‘मंगळवारी ११ वाजता शाखेत जाऊन हप्त्याची तारीख पगारानंतरची करून मागणे’ हे पाऊल आहे. उजव्या बाजूचं लिहून झालं की तिथेच सोडायचं, त्यावर उपाय शोधत बसायचं नाही. १५ मिनिटांचा गजर लावाच, नाहीतर वहीतही तेच तेच घोळत राहतं.

दिवसभरात मधेच काळजी डोकावली तर तिचा एक शब्द कागदावर टिपायचा, ‘सहा वाजता बघू’ म्हणायचं आणि हातातलं काम पुढे न्यायचं. पहिल्या आठवड्यात हे दिवसातून वीस वेळा करावं लागेल. लिहिता येत नसेल तर मोबाइलच्या रेकॉर्डरवर बोलावं, नंतर पुसून टाकावं.

झोप. झोपण्याची वेळ ठरवून उपयोग नाही, उठण्याची ठरवा. रात्री दोनला डोळा लागला तरी उठायचं ठरल्या वेळीच. सुट्टीच्या दिवशी फार तर तासभर उशीर. अंथरुणावर पडून साधारण २० मिनिटांत झोप आली नाही तर उठून बसायचं. एकच खोली असेल तर ओट्याजवळ, उंबऱ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. दिवा मंद, मोबाइल लांब. डोळे जड झाले की परत अंथरुणात. तळमळत पडून राहिलं की शरीराला सवय लागते: अंथरूण म्हणजे जागं राहण्याची जागा. ती सवय मोडायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पहिले चार-पाच दिवस झोप उलट कमी होते. हे आधी सांगितलं नाही तर लोक तिसऱ्या दिवशी सोडतात. २० मिनिटं अंदाजाने धरायची. घड्याळ बघणं हेसुद्धा झोप घालवतं.

शेवटचा चहा दुपारी तीनपर्यंत. चहातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात आणि कोरा चहाही चहाच आहे. तंबाखू, मिश्री, गुटखा ह्यांतलं निकोटीन मेंदूला जागं ठेवतं, म्हणून ‘झोपण्याआधी एक चिमूट’ हा उलटा उपाय. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते आणि सकाळी मन आणखी खाली गेलेलं असतं.

---

तिसरी_पाळी

वरचं सगळं बरोबर, पण पाळीवाल्यांसाठी झोपेचा भाग वेगळा लिहावा लागेल. ‘उठण्याची वेळ ठरवा’ हे दर सोमवारी पाळी बदलणाऱ्याला जमणार नाही आणि तो स्वतःला दोष देत बसेल.

रात्रपाळी ११ ते ७ धरून लिहितो. पाळीला निघण्याआधी संध्याकाळी डुलकी घ्यायची: एकतर २० मिनिटं नाहीतर सरळ दीड तास. मधल्या तासाभराच्या झोपेतून उठवलं की डोकं जड राहतं आणि मशीनवर ते धोक्याचं. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात, रात्री तीननंतर बंद. पहाटेचा चहा सगळ्यात गोड लागतो हे खरं, पण सकाळची झोप तोच खातो. मधल्या सुट्टीत पोटभर जेवू नये; भाकरी-भाजी थोडी, पाणी भरपूर.

सकाळी घरी येताना टोपी पुढे ओढावी किंवा गडद चष्मा लावावा. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदू दिवस सुरू झाला असं धरतो. मात्र पापण्या मिटायला लागल्या असतील तर गाडी चालवू नये, गेटवर १५ मिनिटं बसून मग निघावं. थोडं खाऊन साडेआठपर्यंत आडवं व्हावं. खोली काळोखी होत नसेल तर डोळ्यांवर काळ्या सुती कापडाची दुमडलेली पट्टी बांधावी, कानात कापूस घालावा. घरच्यांशी आधी बोलून एक वेळ ठरवून घ्या: साडेआठ ते साडेबारा कोणी हाक मारायची नाही, फोन घरातल्या माणसाकडे. एवढे चार तास सलग मिळाले आणि संध्याकाळी दीड तास मिळाला तर आठवडा निभतो. सात तास सलग मिळण्याची वाट बघत बसलात तर तेवढेही मिळत नाहीत.

पाळीचा क्रम सुपरवायझरच्या हातात असेल तर पहिली, दुसरी, तिसरी असा मागून घ्या. झोप पुढे ढकलणं शरीराला सोपं जातं, अलीकडे ओढणं अवघड. तिसरीवरून दुसरी, दुसरीवरून पहिली असा उलटा क्रम चालू असेल तर पाच-सहा जणांनी मिळून बदलून मागावा, कंपनीला त्यात खर्च काही नाही.

---

योगवर्ग_पंचवटी

श्वासाच्या भागात अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि कपालभातीही घ्या. लोकांना ही नावं ठाऊक आहेत, नवीन काही शिकवावं लागत नाही. भ्रामरीत ओठ मिटून गुणगुणत श्वास सोडला की सोडण्याचा वेळ आपोआप लांबतो, मोजायची गरज राहत नाही. लहान मुलंही आवडीने करतात.

---

समुपदेशन_नाशिकरोड

भ्रामरी जरूर घ्या, सहा-सात वेळा पुरे. अनुलोम-विलोमही चालेल, फक्त श्वास रोखून धरू नये.

कपालभाती मात्र ह्या कागदावर नको, असं मनापासून वाटतं. एरवी ती वाईट नाही. पण ज्याला आधीच धडधड होते, घाबरल्यासारखं होतं, त्याने भरभर श्वास सोडायला सुरुवात केली की तीच गरगर आणि त्याच मुंग्या येतात. शिवाय गरोदर बाई, रक्तदाब असलेला माणूस, हर्नियाचं ऑपरेशन झालेला माणूस भिंतीवरचा कागद वाचून एकटाच करणार. समोर शिकवणारा असेल तिथे ती शिकवावी.

---

कट्टा_श्रमिकनगर

खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. एक, छातीत अचानक धडधड होऊन ‘आता मरतो’ असं वाटतं तेव्हा काय करायचं? दुसरं, इथल्या बायका म्हणतात की वहीची १५ मिनिटं हे पुरुषांचं काम, आम्हाला पाच मिनिटंही एकटं बसता येत नाही.

---

वॉर्ड_ड्युटी

धडधडीबद्दल आधी सावधगिरी. पहिल्यांदाच होत असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, छातीवर दाब येऊन कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, घाम फुटत असेल, तर ‘टेन्शन आहे’ म्हणून घरी बसवायचं नाही. १०८ ला फोन. ईसीजी निघाल्याशिवाय ‘हृदयाचा त्रास नाही’ असं कोणी म्हणू नये. बायकांमध्ये आणि साखर असलेल्यांमध्ये कळ न येता नुसती मळमळ, दम, प्रचंड थकवा एवढंच होऊ शकतं.

तपासणीत हृदय ठीक निघालं आणि तसे झटके परत येत असतील तर ते घबराटीचे झटके. असा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि वीस-तीस मिनिटांत ओसरतो. त्या वेळी बसायचं, तळवे जमिनीला टेकवायचे, ४-६ चा श्वास चालू करायचा आणि आजूबाजूच्या दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, मग चार गोष्टी हाताने चाचपायच्या, मग तीन आवाज ओळखायचे. लक्ष छातीवरून बाहेर आणणं एवढंच त्याचं काम. सोबतच्या माणसाने ‘काही झालं नाही तुला’ असं म्हणू नये. ‘हे ओसरेल, मी इथेच आहे’ म्हणावं. झटका जिथे आला ती जागा, ती बस, ते मशीन टाळायला सुरुवात झाली की आजार वाढतो. म्हणून ओसरल्यावर शक्य असेल तर थोडा वेळ तिथेच थांबावं.

घरच्या उपायांनी भागणार नाही हे ओळखायला कागदावर दोन प्रश्न छापा. गेल्या दोन आठवड्यांत (एक) कशातच रस किंवा आनंद वाटला नाही, (दोन) उदास, निराश, खचल्यासारखं वाटलं, असं किती वेळा झालं? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटायचं. ह्याने आजार ठरत नाही, दार ठोठवायची वेळ झाली एवढंच कळतं. बेरीज कमी असली तरी कामावर जाणं, जेवणं, अंघोळ अशी रोजची कामं अडायला लागली असतील तर जावंच. मनात मरणाचे विचार येत असतील तर बेरीज करत बसायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची.

कुठे? फोनवर टेली-मानस: १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे मानसोपचार तज्ज्ञांकडे जोडून देतात. फोन लागला की भाषा निवडायला सांगतात. तिथे घाबरून फोन ठेवणारे बरेच असतात, म्हणून कागदावर ‘भाषा निवडून थांबा’ असं लिहा.

प्रत्यक्ष जायचं तर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा आणि मानसोपचार विभाग विचारायचा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर, तपासण्या, औषधं मोफत आहेत. आधार कार्ड, जुने कागद आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. डॉक्टरांसमोर बसलं की सगळं विसरायला होतं, म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या: झोप किती तास, किती दिवसांपासून, भूक आणि वजन, तंबाखू-दारू किती (खरं लिहा), घरात कोणाला असा त्रास होता का. थायरॉइड किंवा रक्त कमी असल्यानेही असाच थकवा आणि उदासपणा येतो, तेव्हा रक्त तपासायचं का हे विचारा.

औषध लिहून दिलं तर दोन गोष्टी. उदासपणावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा जाणवू शकतो. फार त्रास झाला तर परत जाऊन सांगा, मनाने बंद करू नका. आणि मेडिकलवाल्याकडून मागून आणलेली अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी: काही आठवड्यांत सवय लागते, तोच गुण यायला जास्त लागते. जो रोज घेतो त्याने ती एकदम बंद करणंही धोक्याचं, फिट येऊ शकते. अशा माणसाला रागावू नका, सिव्हिलला आणा. तिथे हळूहळू कमी करून देतात.

---

बचतगट_ताई

बायकांचं मी सांगते. पंधरा मिनिटं एका जागी मिळत नाहीत, तर तीन वेळा पाच करा. कुकर लावल्यापासून वाफ जिरेपर्यंत श्वास. दुपारी भांडी झाल्यावर पाच मिनिटं वही. तिसरी पाच मिनिटं एका बाईशी, रोज तीच बाई. दोघींनी अडीच-अडीच मिनिटं बोलायचं, ऐकणारीने मधे सल्ला द्यायचा नाही, ‘माझ्याकडेही असंच’ असंही म्हणायचं नाही. नुसतं ऐकून ‘तुला ह्यात सगळ्यात जड काय जातंय?’ एवढंच विचारायचं. पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं होतं, मग त्या पाच मिनिटांची वाट बघितली जाते. ऐकलेलं तिसरीला सांगायचं नाही हा नियम मोडला तर सगळं मोडलं, म्हणून तो आधी बोलून घ्या.

एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात हवी. घरात मारहाण होत असेल तर तो ताण श्वासाने जाणार नाही आणि तो घालवणं बाईची जबाबदारी नाही. १८१ महिला हेल्पलाइन, जिवाला धोका असेल तर ११२. हे दोन नंबर वेगळ्या चिठ्ठीवर, फाडून पदराला बांधता येतील असे, बायकांच्या बाजूला लावा. भिंतीवरचा नंबर नवऱ्यासमोर टिपून घेता येत नाही.

---

हप्ते_आणि_हक्क

ह्या चर्चेत एक बाजू राहते आहे. ताणाचं मूळ बऱ्याच घरांत पैशात आहे, आणि त्यावर फुकट मिळणारी मदत लोकांना माहीतच नसते. तेवढी माहिती मिळाली तरी रात्रीची झोप सुधारते.

वसुलीचे फोन: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या (तारणाशिवायच्या छोट्या) कर्जाला वेळ आणखी कडक आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर अपमान, नातेवाइकांना फोन हे चालत नाही. त्रास झाला तर तारीख, वेळ, नंबर वहीत टिपा. आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, माहितीसाठी १४४४८. मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपवाल्याने फोटो पसरवायची धमकी दिली तर सायबर हेल्पलाइन १९३०.

नवं मायक्रोफायनान्स कर्ज घेताना हेही बघा: घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील तर नियमाने ते कर्ज द्यायचंच नाही. एक हप्ता फेडायला दुसरं कर्ज घेतलं जातं तिथून घसरण सुरू होते.

वकील: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात. फोन १५१००. सगळ्या महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार ह्यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. कामगाराचा इथे स्पष्ट उल्लेख आहे हे सातपूर-अंबडमध्ये फार थोड्यांना ठाऊक आहे. पगार थकला असेल तर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज. कंत्राटदाराने दिला नाही तर मूळ कंपनीवरही जबाबदारी येते. हजेरी कार्डाचे आणि गेटपासचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, नंतर तेच पुरावे.

ज्यांच्या पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापलं जातं त्यांना सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात उपचार आहेत. डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला तर सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात, त्याआधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर. मनाचा आजार हाही आजारच, त्यालाही हे लागू. काम सुटलं म्हणून ईएसआयचं कार्ड त्याच दिवशी बंद पडत नाही. भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या सहामाहीत मिळतो.

---

मळा_दिंडोरी

कामगारांपैकी बऱ्याच जणांचं गाव दिंडोरी, निफाड, पेठ, सुरगाण्याकडे. म्हातारे आईवडील तिकडेच, आणि द्राक्षाला गारपीट लागली किंवा कांद्याचा भाव पडला की ताण फोनवरून इथल्या खोलीत येतो. त्यांच्यासाठी थोडं.

भाव दिवसातून दोनदाच बघायचा, सकाळचे लिलाव झाल्यावर आणि संध्याकाळी. दर अर्ध्या तासाला व्हॉट्सॲप उघडून भाव बदलत नाही, छाती मात्र दर वेळी दडपते.

आणि हे नक्की छापा: घरात कोणी खचलेलं असेल तर फवारणीची औषधं घरात ठेवू नका. कुलपाच्या पेटीत, घरापासून लांब, किल्ली दुसऱ्याकडे; शक्य असेल तर शेजारच्या मळ्यात. मरणाचा विचार लाटेसारखा येतो आणि बऱ्याचदा ओसरतो. त्या वेळी हाताशी काही नसणं ह्यानेच जीव वाचतो. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं, विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडायचं नाही, १४४१६ लावायचं, सिव्हिलला न्यायचं. काही प्यायल्याचा संशय असेल तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. १०८, आणि औषधाचा डबा सोबत न्या.

---

कट्टा_श्रमिकनगर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वस्तीतून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न: सिव्हिलला मानसोपचाराचा पेपर काढला तर कंपनीला, पोलीस भरतीला कळेल का? आणि चालायला जाण्याचं कोणी लिहिलं नाही, तेही घ्यायचं का?

---

वॉर्ड_ड्युटी

कंपनी रुग्णालयातून माहिती मागवू शकत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २३: रुग्णाच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश अशा मोजक्याच अपवादांत ती देता येते. त्याच कायद्याच्या कलम १८ ने सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, तसं नव्हतं हे सिद्ध झालं नाही तर त्याच्यावर खटला चालवत नाहीत. ‘पोलीस केस होईल’ ह्या भीतीने लोक रुग्णालयात न्यायला उशीर करतात, म्हणून हे लिहा. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे.

ईएसआयचा दाखला कंपनीत द्यावा लागतो, तेव्हा डॉक्टरांशी त्याबद्दल आधीच बोलून घ्या.

---

समुपदेशन_नाशिकरोड

चालणं घ्या, पण माणूस खचलेला असेल तर ‘रोज पाच किलोमीटर’ लिहू नका. उदास मन आधी उत्साह येऊ दे, मग करू म्हणतं. घडतं उलटं, आधी पाय हलतात, मग मन. म्हणून सुरुवात हास्यास्पद वाटेल इतकी लहान: घरापासून पाच मिनिटं सरळ जायचं आणि परत यायचं. दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवायची. महिनाभरात दिवसाला ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटांपर्यंत पोहोचता येतं. वेग असा की बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही. जाण्याआधी आणि आल्यावर मन किती जड आहे त्याला ० ते १० आकडा द्यायचा आणि वहीत लिहायचा. आठवड्याने तोच आकडा माणसाला पटवतो.

गोल्फ क्लबचं मैदान, गोदापार्क छान आहेत, पण तिथे जायला रिक्षा लागत असेल तर हा उपाय फुकट राहिला नाही. वस्तीतलाच रस्ता धरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी झोंबते, तेव्हा ऊन पडल्यावर. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत. दोघांनी मिळून जायचं ठरवलं की चुकत नाही, आणि भरतीच्या पोरांना हेच काम द्या: प्रत्येकाने एका काकांना सोबत न्यायचं, स्वतःचा धावण्याचा सराव त्याआधी करून घ्यायचा.

कागद पहिल्या पानावर श्वास, वही, झोप. दुसऱ्यावर दोन प्रश्न आणि नंबर असा करा. अक्षर इतकं मोठं की दोन हातांवरून वाचता यावं. खाली उभ्या पट्ट्या कापून १४४१६ छापा. तयार झाला की इथे टाका, लावण्याआधी प्रत्येक नंबरला एकदा फोन करून तपासून घेऊ.